वाघ दिसला काय?



या व्यासपीठावरून मी यापूर्वी दोनदा बोललो आहे. एकदा किमान वेतनावर आणि एकदा कामगार विमा योजनेवर. दोन्ही वेळी मागच्या रांगा वेळेआधीच रिकाम्या झाल्या, हे मला येथून स्पष्ट दिसत होते. यंदा कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, "या खेपेस काही हलकेफुलके घ्या. तुम्ही गेल्या वर्षी जंगलात गेला होतात ना? वाघाचे फोटो काढलेत म्हणे." मी होय म्हटले आणि विषय ठरला. तो हलकाफुलका राहील अशी हमी मात्र मी दिलेली नाही.

माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'अभ्यासू' म्हटले. माझा अभ्यास म्हणजे सातवीपर्यंतची शाळा आणि पुढे सार्वजनिक वाचनालय. चौदाव्या वर्षी मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या खात्यात कांड्या भरण्यास लागलो, मग मागावर उभा राहिलो आणि बारा वर्षे तेथे काढली. त्यानंतर संघटनेचे काम. वाघाशी माझा संबंध एवढाच, की वाचनालयात जिम कॉर्बेटची पुस्तके होती आणि ती मी दोन-दोनदा वाचली होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीला अधिवेशन होते. आमच्यापैकी एक बँकेतले मित्र. ते फार व्यवस्थित. त्यांनी दोन महिने आधीच अधिवेशनाला जोडून कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात ढिकाला येथे आम्हां चौघांसाठी दोन रात्रींची जागा धरून ठेवली होती. खोल्या नव्हेत, एकावर एक फळ्यांची सामाईक निजण्याची जागा. खिशाला तीच परवडणारी. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने रामनगरला उतरलो. तेथून धनगढीच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आणि फाटकापासून ढिकाल्यापर्यंत तीसेक किलोमीटर सालवृक्षांच्या जंगलातून कच्चा रस्ता. गाडी उघडी, चालक एक आणि सोबत एक वाटाड्या. त्यांना तेथे गाइड म्हणतात. आपला शब्द वाटाड्या, आणि तो मला अधिक बरोबर वाटतो.

माझ्याजवळ एक डिजिटल कॅमेरा होता. आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओच्या मालकांचा. त्यांनी तीनशे मिलिमीटरपर्यंतची लांब भिंग असलेली नळी दिली आणि तीन दिवस मला शिकवले. गाडी थांबली, इंजिन बंद झाले, की मगच बटण दाबायचे, नाहीतर इंजिनची थरथर चित्रात उतरते. प्राणी कोणताही असो, नेम डोळ्यावर धरायचा. डोळा स्पष्ट आला तर बाकीचे खपून जाते. आणि हात टेकायला काहीतरी हवे. हे शेवटचे घरच्या मंडळींनी सोडवले. पॉपलिनच्या तुकड्याची पिशवी शिवून तीत ज्वारी भरून दिली. गाडीच्या कडेच्या लोखंडावर ती पिशवी टाकावी, तिच्यावर भिंग टेकवावे. दिल्लीच्या स्टेशनवर तपासणीत ती पिशवी उघडून पाहणाऱ्या जवानाला मी जंगलात ज्वारी का नेत आहे हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागली.

आता त्या जंगलाविषयी थोडे सांगतो. १९३६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, भारतातले पहिले. संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर हेली यांचे नाव त्याला होते. स्वातंत्र्यानंतर रामगंगा नदीचे नाव दिले आणि कॉर्बेटच्या मृत्यूनंतर कॉर्बेटचे. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ याच ढिकाल्यात झाला. त्यानंतर लवकरच रामगंगेवर कालागढचे धरण उभे राहिले आणि नदीकाठचा गवताळ प्रदेश बराचसा पाण्याखाली गेला. म्हणजे वाघासाठी जागा राखायची आणि त्याच जागेत पाणी सोडायचे, ही दोन्ही कामे सरकारने एकाच दशकात केली. असो.

कॉर्बेटसाहेबांबद्दल मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा मनुष्य वीस वर्षांहून अधिक काळ बिहारात मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालाची चढउतार करणारा मजुरांचा कंत्राटदार होता. रुंद रुळावरून आलेला माल अरुंद रुळावरच्या गाडीत भरायचा, हे काम. त्याने त्या मजुरांविषयी फार आपुलकीने लिहिले आहे आणि ते मला खरे वाटते. तरी गंमत पाहा, आयुष्यभर मी कंत्राटदारांशी भांडलो आणि सुट्टीला गेलो तो एका कंत्राटदाराच्या नावाच्या जंगलात!

याच कॉर्बेटने पुढे बंदूक बाजूला ठेवून वाघांचे चलच्चित्रण केले. कॅमेऱ्याची खरखर वाघाला ऐकू जाते म्हणून त्याने ओढ्याच्या वाहत्या पाण्याचा आवाज आडोशासारखा वापरला. त्याच्याही आधी चॅम्पियन नावाचा वनाधिकारी होऊन गेला. त्याने जनावरांच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पेटे आणि फोटो निघे. त्याचे पुस्तक १९२७ सालचे. वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढण्याचा तो काळ. त्या काळात या माणसाने जिवंत वाघाकडून त्याचा त्यालाच फोटो काढायला लावला. आज वाघांची मोजणी होते ती याच युक्तीवर. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, शिवाय एकाच वाघाची डावी कूस निराळी आणि उजवी निराळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०२२ च्या गणनेत एकट्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ निघाले. देशातल्या कोणत्याही प्रकल्पापेक्षा जास्त. हे कॅमेरे झाडाला आपोआप बांधले जात नाहीत, हे मी तेव्हा मनात आणले नव्हते.

पहिल्या संध्याकाळी नदीच्या उंच काठावरून घडियाल पाहिले. लांब नाकाची, वाळूत ओंडक्यासारखी पडलेली. त्यांचे फोटो उत्तम आले, कारण ती अर्धा तास हलली नाहीत. फोटोग्राफी शिकणाऱ्याने सुरुवात घडियालापासून करावी असे माझे मत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. अंगाला झोंबणारा गारवा, गवतावर दव. तासाभराने वाटाड्याने हात वर केला, चालकाने इंजिन बंद केले. वाटाडे पंचेचाळिशीचे, बारीक चणीचे, कुमाऊँचे गृहस्थ. ते कुजबुजले, "चीतल बोल रहा है." माझ्या तिन्ही मित्रांनी माना डोलावल्या. एकजण उत्साहाने म्हणाला, "ऐका, ऐका, पुन्हा ओरडले!" मी कान टवकारून बसलो. मला काहीच ऐकू आले नाही.

प्रथम वाटले, मी दुसरीकडे पाहत असेन. मग पुन्हा तेच झाले. वाघ किंवा बिबळ्या जवळ असला की चितळ इशारा देते. आवाज बारीक आणि टोकदार असतो, असे मित्रांनी सांगितले. थोड्या वेळाने सांबर ओरडले. ते मला ऐकू आले. जाड, घुमणारे, रिकाम्या पिंपावर मूठ मारल्यासारखे. चितळाचे मात्र नाही. त्या सकाळी चितळ निदान सातआठ वेळा ओरडले असावे. चौघांपैकी तिघांनी ते ऐकले.

मंडळी, आवाजाने येणारे बहिरेपण आधी बारीक आवाज खाते आणि जाड आवाज ठेवते. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात ते धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेले आहे. त्या कलमाखाली मी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले आहेत, कान तपासणीला माणसे पाठवली आहेत, डॉक्टरांशी हुज्जत घातली आहे. स्वतःचे कान कधी तपासून घेतले नाहीत. घरी चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज येत नाही, ते मी वयावर ढकलले होते. बारा वर्षांच्या मागाच्या खडखडाटाने माझ्याकडून नेमके काय नेले, ते मला हिमालयाच्या पायथ्याशी एका हरणाने सांगितले.

वाटाड्यांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी काही विचारले नाही. पुढल्या वेळेपासून चितळ बोलले की ते माझ्या दंडावर दोन बोटे ठेवीत आणि दिशा दाखवीत. खात्यात आम्ही असेच बोलत असू. मागांच्या आवाजात शब्द चालत नाहीत. ओठ, भुवया आणि बोटे चालतात. त्यामुळे आमचे दोघांचे ताबडतोब जमले. ऐकू येत नाही म्हटल्यावर मी त्यांच्याकडेच पाहू लागलो. ते रस्त्याच्या मऊ धुळीत पाहत. ठशाची कड धारदार असेल तर वाघ नुकताच गेला. कडेची माती ढासळली असेल, वर पाखराची पावले उमटली असतील, तर रात्रीचा. झाडावरच्या वानराचे तोंड कुठे आहे ते पाहत. सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून बसला की ती दिशा महत्त्वाची. चांगला विणकर आठ मागांच्या मधून चालताना कोणत्या मागाचा धागा तुटला हे न पाहता सांगतो, तशातली ही विद्या.

येथवर मी शहाण्यासारखा वागलो. दुपारी जेवताना मात्र माझ्यात निराळाच माणूस शिरला. गावाकडून दोन फोन आले. दोघांनी एकच प्रश्न विचारला, "वाघ दिसला काय?" मी नाही म्हटल्यावर पलीकडचा आवाज एकदम पडला, जणू मी दिल्लीहून परतलो आणि लाल किल्ला पाहिला नाही असे सांगितले. मला ते लागले. स्टुडिओवाल्यांचा कॅमेरा, ज्वारीची पिशवी, इतके पैसे! मी उठून वाटाडे आणि चालक जेथे जेवत होते तेथे गेलो आणि म्हणालो, "आज वाघ दाखवलात तर हजार रुपये देईन."

वाटाड्यांनी मान खाली घालून भात कालवला. चालक तरुण होता. तो म्हणाला, "दिखा देंगे, साहब."

संध्याकाळी गवताळ मैदानाच्या कडेने जात असता समोरून येणाऱ्या गाडीने इशारा केला. आमची गाडी सुसाट सुटली. पोहोचलो तेव्हा आठनऊ गाड्या रस्त्यावर एकामागे एक उभ्या होत्या. डावीकडे उंच गवत, उजवीकडे उतार आणि खाली नदी. गवतात वाघीण होती. दिवसभर ऊन कडक पडले होते, तिला पाण्याकडे जायचे होते आणि मध्ये रस्ता. रस्त्यावर आम्ही. गाड्यांच्या रांगेत एके ठिकाणी वाव होता, एक गाडी मावेल इतका. ती तेथूनच निघणार, हे वाटाड्यांना कळले होते. त्यांनी चालकाच्या खांद्यावर हात ठेवून "रुको" म्हटलेले मी पाहिले, कारण मी त्यांच्याकडेच पाहत असे. चालकाने माझ्याकडे एकदा वळून पाहिले आणि गाडी त्या जागेत घातली.

मंडळी, त्या पाहण्यात माझे हजार रुपये होते.

वाघीण गवताच्या कडेला आली होती. मी तिचे तोंड पाहिले. वीस पावलांवर असेल. ती चिडली नाही, गुरगुरली नाही. थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली, मग उठून आल्या वाटेने गवतात परत गेली. मी त्या वेळात एकेचाळीस फोटो काढले. त्यांत वाघीण कशी आली आहे ते सांगतो. कॅमेऱ्याच्या यंत्राने नेम धरला तो पुढल्या गवतावर. त्यामुळे गवताची पाती न् पाती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, आणि मागे एक पिवळट डाग. दोन फोटोंत पलीकडल्या गाडीतल्या गृहस्थांचे कोपर आहे. एका फोटोत एक कान बरा आला आहे.

आम्ही निघालो तेव्हा उजेड सरत होता. नदीवर ती नंतर गेली असेल. मी ते पाहिले नाही.

रात्री मी हजार रुपये दिले. चालकाने घेतले आणि निम्मे वाटाड्यांना दिले. वाटाड्यांनीही घेतले. न घ्यायला ते काही कथेतले पात्र नव्हते. आम्ही उपाहारगृहाबाहेर विजेचे कुंपण आहे त्याच्या आत बाकावर बसलो. मी माफी मागितली. ते म्हणाले, "आप अकेले नहीं हैं, साहब. दिखा तो इनाम, नहीं दिखा तो शिकायत." मग हळूहळू बोलू लागले. फेरीमागे ठरलेला मेहनताना असतो. ढिकाल्याचा भाग १५ नोव्हेंबर ते १५ जून एवढाच उघडा असतो, पावसाळ्यात काम आटते. मुलीची फी बक्षिसीतून निघते, आणि बक्षिसी निघते वाघातून. हत्ती दाखवला तर शंभर, वाघ दाखवला तर पाचशे. भेकर दाखवले तर आभार.

हा हिशेब मला नवा नव्हता. आमच्या गावी बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे, असा मजुरीचा दर असतो. जेवढे विणाल तेवढे मिळवाल. मग माणूस जेवायला थांबत नाही, चालू मागात हात घालतो, आणि बोट गेले की मालक म्हणतो, याला घाई कोणी सांगितली होती? या पद्धतीविरुद्ध मी तीस वर्षे भाषणे केली. आणि सुट्टीवर गेल्याबरोबर तीच पद्धत मी स्वतः मालक होऊन लावली. गाडी त्या जागेत कोणी घातली? चालकाने. दर कोणी लावला?

हे केवळ उत्तरेत घडते असे समजू नका. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याकडे विदर्भात उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही अंगांनी अडवून धरले. चित्रफिती सर्वत्र फिरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. चालक आणि वाटाड्यांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. नियम मोडला तो त्यांनी. पण त्या गाड्यांत मागे बसलेले होते त्यांनी काय कबूल केले होते, हे कोणी विचारल्याचे मी वाचले नाही.

वाटाड्यांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा चुलतभाऊ रोजंदारीवर गस्तीला जातो. हातात काठी, पाठीवर पिठाची पिशवी, दोघे-तिघे मिळून पायी. मोजणीच्या वेळी कॅमेरे बांधणारी, त्यांच्या बॅटऱ्या बदलणारी माणसे हीच. २६० हा आकडा मी तुम्हांला मघाशी सहज सांगितला. तो असा चालून गोळा झालेला आहे. याच २०२२ च्या गणनेची पूर्वतयारी चालू असताना, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आपल्या ताडोब्यात खुणा टिपत पायी चाललेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आपण गाडीत बसून वीस पावलांवरून ज्या तोंडाकडे पाहतो, त्या तोंडासमोरून ही माणसे रोज पायी जातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची फेरी होती. निघण्यापूर्वीच मी दोघांच्या हातात बरोबरीने बक्षिसी ठेवली आणि म्हणालो, "आज वाघ नको. तुम्हांला जे पाहावेसे वाटते ते दाखवा." चालकाला हे कळेना. त्याला वाटले मी रागावलो आहे. वाटाड्यांनी मात्र थोडा विचार केला आणि गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घ्यायला सांगितली.

तेथे हत्तींचा कळप होता. उन्हाळ्यात मैदानात गवताचे कोवळे कोंब फुटतात आणि हत्ती खाली उतरतात. लहानमोठे मिळून सतरा मोजले. आम्ही लांब थांबलो, इंजिन बंद केले आणि एक तासभर तेथून हललो नाही. हत्तीण सोंडेने गवताचा झुबका धरते, पुढच्या पायाच्या नखांनी बुंधा ठोकरून उपटते आणि मग तो झुबका गुडघ्यावर आपटते. एकदा, दोनदा, तीनदा. मुळांची माती झडली की मगच तोंडात. घरी आपण पालेभाजीची जुडी झटकतो ना, तसे. एक पिलू आईचे पाहून तेच करीत होते. त्याच्या सोंडेत चारच काड्या येत आणि आपटताना त्याही सुटून पडत. मग ते आईच्या तोंडातून लोंबणारे गवत ओढी. दर दोनचार मिनिटांनी एखादी मोठी मादी खाणे थांबवी, कान पसरी, सोंड उंच करून वास घेई; तेवढ्यात सगळा कळप थांबे. ती पुन्हा खाऊ लागली की सगळे खाऊ लागत. मला या जंगलात सर्वांत चांगले फोटो मिळाले ते येथे. ऊन पाठीशी होते, ज्वारीची पिशवी कामाला आली आणि प्रत्येक चित्रात डोळा स्पष्ट आहे. स्टुडिओवाल्यांनी त्यांतला एक मोठा करून दुकानात लावला आहे. खाली माझे नाव आहे. वाटाड्यांचे नाही. ते सांगून झाले आहे, बदलतो म्हणतात.

परतताना नदीकाठी पाणमांजरांचे एक कुटुंब दिसले. त्यांचे फोटो साफ बिघडले, कारण ती एका जागी राहतच नाहीत. आणि सालाच्या दाट रानात शिरलो तेव्हा वाटाड्यांनी पुन्हा हात वर केला. या वेळी त्यांना माझ्या दंडावर बोटे ठेवावी लागली नाहीत. दूर, डोंगराच्या बाजूला, वाघ ओरडला. तो आवाज कानाने ऐकला की छातीने, ते सांगता येणार नाही. रिकाम्या खात्यात मोठा पट्टा सुरू झाल्यासारखा. तीन वेळा आला. तो मला पुरा ऐकू आला. कोणी कॅमेरा उचलला नाही, कारण दिसत काहीच नव्हते.

गावी आल्यावर मी कान तपासून घेतले. अहवाल अपेक्षेप्रमाणे आहे. आमच्या संघटनेने यंदा वस्तीत दोन तपासणी शिबिरे घेतली, तिसरे पुढल्या महिन्यात आहे. येथे यंत्रमागावर काम केलेले कोणी असतील तर त्यांनी सभेनंतर मला भेटावे, मी नावे लिहून घेईन. कृपा करून मोठ्याने सांगावे.

शेवटचा फोटो मी धनगढीच्या फाटकावर काढला. वाटाडे आणि चालक गाडीला टेकून उभे आहेत. त्याची प्रत पोस्टाने रामनगरला पाठवली. पंधरा दिवसांनी वाटाड्यांचा फोन आला. फोटो पोहोचला, भिंतीवर लावला, म्हणाले. पण घरच्यांची तक्रार आहे, की फोटो काढताना टोपी काढायला का सांगितले नाही, डोळे सावलीत गेले आहेत.